धाकटीचे केस

"उद्यापासून मी गल्ल्यावर बसणार नाही. कात्री हातात घेणार."

"घे की. पण कुणाच्या डोक्यावर चालवणार, ते तरी सांग," धाकटी म्हणाली.

"तुझ्या."

धाकटी हसली. ताई हसली नाही.

पार्लर ताईचं. धाकटीला कात्री धरायला शिकवलं तेही तिनंच, वेळप्रसंगी कान पिळून. मागच्या वर्षी अपघातात ताईचा डावा हात कोपराखालून गेला, तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं एकच पालुपद: नशीब, उजवा वाचला. ताई मान डोलवायची. कात्री उजव्या हातात असते, हे खरंच. पण बट उचलतो तो डावा, ताणून धरतो तो डावा, किती कापायचं तेही त्याच्याच बोटांना कळतं. उजवा नुसता हुकमाचा ताबेदार. नवा हात बसवल्यावर ताईनं घरी खुर्चीच्या पाठीला लोकरीच्या झिपऱ्या बांधून सराव केला. लोकर बिचारी कुरकुरत नाही.

धाकटी आरशासमोर बसली. ताईनं एक टोक दातात धरून तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, केस ओले केले. पहिली बट नव्या बोटांत आली. दुसरीही आली. उजवी बाजू कानाखाली झकास उतरली. ताईच्या अंगात वारं शिरलं. जुन्या सवयीनं तोंडही सुटलं. शेजारणीच्या नवऱ्यानं टकलावर चोळलेल्या तेलांची सगळी हकीकत सांगून झाली.

डाव्या बाजूला पहिलीच बट निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. त्या बोटांना ना ओलं कळत, ना ताण. तिसऱ्यांदा मात्र बट घट्ट राहिली. ताईनं कात्री चालवली आणि सहज आरशात पाहिलं. कापडाखालून धाकटीची दोन बोटं बाहेर आली होती. बटेचं खालचं टोक त्यांत होतं.

"हात खाली घे."

"अगं, आपोआप गेला."

मग ती समजावत राहिली. रोज शेजारी उभी राहीन, मी धरते, तू काप, गिऱ्हाइकाला काय कळतंय. ताईला तिचा रागही येईना. ती कात्रीकडे बघत होती. लोकरीच्या झिपऱ्या तर वर गाठ मारलेल्या होत्या, खाली कुणी धरत नव्हतं. तिथं जमलं होतं, की तिलाच तसं वाटलं होतं?

"मला एवढंच सांग," ती म्हणाली. "उजव्या बाजूलाही तूच धरत होतीस?"

धाकटीनं आरशातल्या ताईची नजर चुकवली, गळ्याचं कापड सोडलं, घडी करून खुर्चीवर ठेवलं. एक बाजू कानाखाली, दुसरी खांद्यावर, तशीच दार ढकलून ती बाहेर पडली.