औषध लागू पडलं

शिलाईवालीची आई नोकरीत होती तेव्हा टेलिफोन ऑपरेटर होती. अख्ख्या शहराचे नंबर तिला तोंडपाठ, आणि नंबरासाठी डायरी उघडणाऱ्या माणसाची तिला कीव यायची. आता तीच बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पोटच्या मुलीला विचारायची, "कोण बोलतंय?" मुलगी म्हणायची, मी. "मी कोण? जरा लाइन धरा," असं सांगून आई आत निघून जायची. शेजारणी तोंडाला हात लावून हसायच्या. सुरुवातीला शिलाईवालीही हसली. पुढे तिला हसू येईना, आणि रडू यायला हवं होतं तर तेही येईना.

तिचं काम घरातच चाले. तयार कपड्यांच्या दुकानातून पँटी यायच्या, त्या आखूड करायच्या, कुणाची कंबर सैल करायची, कुणाच्या बाह्या कमी करायच्या. हात चोख आणि बोलणं बेताचं. गल्लीत कुणाला तिचं नाव विचारलं तर तो डोकं खाजवत बसला असता; सगळ्यांच्या तोंडी शिलाईवालीच. नवऱ्याने फार पूर्वीच दुसरीकडे संसार थाटला होता. त्याचं आता काही वाटत नाही, असं ती सांगायची. खरं म्हणजे वाटून घ्यायला तिला फुरसतच मिळाली नव्हती.

आईने मात्र घर डोक्यावर घेतलं होतं. जरा मशीनवर बसावं तर आई गायब. एकदा ती घरातल्या चपलांनिशी बसथांब्यावर सापडली. ड्यूटीला उशीर केला म्हणून कंडक्टरची खरडपट्टी काढत होती. एकदा तिने गिऱ्हाइकाच्या कोऱ्या पँटीचा एक पाय गुडघ्यापासून कापून ठेवला. दुकानदार आवाज न चढवता म्हणाला, की पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. शिलाईवालीने हे धाकट्या भावाला फोनवर सांगितलं. तो हळहळला. हळहळण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. लगोलग त्याने पार्सलने एक डबा पाठवला. बुद्धीला चालना देणारी मुळ्यांची पूड, सकाळ-संध्याकाळ अर्धा चमचा, कोमट दुधातून. डब्यावर एक म्हातारा आणि एक म्हातारी विनाकारण हसत होती.

"घे, आठवणीचं औषध आहे," असं सांगून शिलाईवाली आईला दूध पाजू लागली. रात्रीची झोपेची गोळी आधीपासून चालू होतीच. आठवडाभरात आई गप्प झाली. सकाळचं दूध पोटात गेलं की खिडकीजवळच्या खुर्चीत तिचा डोळा लागायचा, तो दुपारपर्यंत. चार घास भरवले की पुन्हा पेंग. ना कुणाची लाइन, ना कसली ड्यूटी. मशीन सलग चालू लागलं आणि पँटींचा ढीग खाली यायला लागला. भावाने विचारलं, औषध लागू पडलं का? ती म्हणाली, पडलं. खोटं काहीच नव्हतं. आईला नेमकं काय लागलंय, औषध की डोळा, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

पूड तळाला गेली तशी ती नवा डबा आणायला औषधांच्या दुकानात गेली. तिथली बाई चौकस होती. आईला आणखी काय काय चालू आहे, हे तिने विचारून घेतलं आणि झोपेच्या गोळीचं नाव निघताच डबा परत मागे ठेवला.

"या मुळ्यांनी आधीच गुंगी येते कित्येकांना, त्यात वर झोपेची गोळी," ती म्हणाली. "त्या झोपत नाहीयेत, गुंगीत आहेत. बंद करा हे आणि डॉक्टरांना दाखवा. एखाद्या दिवशी पडतील, नाहीतर घास अडकेल."

शिलाईवालीने मान डोलावली. आपल्याला धक्का बसायला हवा, एवढं तिला कळत होतं. बसला नाही. आई खुर्चीत पहिल्यांदा लाळ गळेपर्यंत झोपली होती, त्याच दिवशी तिला सगळं उमगलं होतं. तरी बाईचं ऐकायचं म्हणून तिने घरी येऊन उरलेली पूड फळीवर ठेवून दिली.

दोन-तीन दिवसांत आई जागी झाली. तिने खण उपसले, जमिनीवर बटणं पसरली आणि चालू मशीनचा प्लग ओढला. कोण बोलतंय, कोण बोलतंय, हे दिवसभर चालू. डॉक्टरांकडे जायचं ते राहूनच जात होतं. संध्याकाळी दुकानाचा माणूस कपडे न्यायला येणार होता आणि अर्ध्याअधिक पँटी तशाच पडल्या होत्या. शिलाईवाली बटणं गोळा करायला खाली बसली. आई तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिचं तोंड निरखू लागली.

"ते आठवणीचं दूध का बंद केलंस?" आईने विचारलं.

"तुला त्याने झोप येते."

"येऊ दे. पण आठवायला तर हवं ना."

शिलाईवाली उठली. तिने दूध कोमट केलं आणि अर्धा चमचा पूड ढवळली. कडू म्हणून एरवी तोंड वाकडं करणारी आई कप उपडा करून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. हाताने तोंड पुसलं आणि रिकामा कप मुलीपुढे धरला.

"अजून थोडं दे गं," ती म्हणाली. "तुझं नाव अगदी जिभेवर आलंय."

शिलाईवालीने पातेल्यातलं उरलेलं दूध कपात ओतलं, आणि या वेळी चमचा शिगोशीग भरून घेतला.