खिमनं ट्रॉम्बोन धुतला तो दिवस

बादलीतलं पाणी तिसऱ्यांदा लाल झालं. सुइ-खिमनं ते गटारात भिरकावलं.

"मर मेल्या! रक्तसुद्धा चिकट तुझं!"

शिवी त्या टकल्याला होती. चार दिवसांपूर्वी पुलावर तिनं त्याला ट्रॉम्बोननं, तिच्या त्या लांब पितळी वाद्यानं, हाणला होता, असं ती सगळ्यांना सांगत होती.

पुलावर दोन प्रेतयात्रा समोरासमोर आल्या होत्या. असं झालं की आमच्याकडे कुणी मागे हटत नाही. जो हटेल त्याच्या घरात वर्षभरात दुसरं मढं, अशी समजूत. आम्ही बँडवाले जिच्या यात्रेत वाजवत होतो ती म्हातारी साधी, कालवं विकणारी. समोरचं मढं गुंडाचं. आधी शिव्या, मग झेंड्यांचे बांबू, मग सुरे. बँडवाले पळाले, ढोल पुलावरच सोडून. खिम नाही पळाली. एक्कावन्न वर्षांची बाई, पण अंगात रग. तिनं ट्रॉम्बोन उलटा धरला, खांद्यावरून मागे नेला आणि समोरच्या टकल्यावर घातला. हाताला जबर हिसका बसला. टकला आडवा. लागला साल्याला! खूश होऊन मागे वळली, तर रस्त्यावर आ-थोंग, पोटात सुरा. दुसऱ्याच कुणीतरी खुपसला होता.

आ-थोंग म्हणजे आमचा ट्रम्पेट. बावीस वर्षं तिच्या डाव्या हाताला उभा राहून वाजवलं त्यानं. आज दुपारी तीनला त्याला न्यायचं होतं. तो नेहमी म्हणायचा, "माझ्या वेळी तू रडायचं नाही हां, ताई. वाजवायचं." ती हो म्हणाली होती. आता स्लाइड, ती पुढेमागे सरकणारी नळी, दोन बोटंसुद्धा हलत नव्हती. आतली नळी आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये रक्त वाळून खडक झालं होतं.

जोर लावला असता तर नळी वाकली असती. म्हणून ती दात आवळून हळू करत होती. कोमट पाणी, भांड्याचा साबण, दोन तास भिजत. गरम पाणी नाही, रंग उडतो. मग काठीला टोकापर्यंत मलमल गुंडाळून आत-बाहेर, आत-बाहेर. चौथ्या पाण्याला स्लाइड सुटली. स्लाइडचं वंगण लावलं, पाणी शिंपडलं, बोटानं ढकलली. सर्रकन गेली. खिम हसली, पुलानंतर पहिल्यांदा, आणि डुकराच्या चरबीचा भात खायला आत गेली.

परत आली तर बँडचा मालक की-सेंग ट्रॉम्बोनवर वाकलेला, हातात वाटी.

"काय ओतलंत?"

"देवळातल्या मंतरलेल्या चिठ्ठीची राख, पाण्यात कालवून. अगं, मेलेला माणूस बसलाय त्या वाद्यात."

"बसलाय तो टकल्याच्या घाण रक्ताचा डाग! धुतला मी!"

"बाई, मी बँडचा विचार करतोय. आणखी कोण मेलं तर?"

तिनं स्लाइड ओढली. कर्रर्र. राखेचे कण पितळ खरवडत होते. पुढचं तिला स्वतःलाही नीट आठवत नाही. साफसफाईची काठी की-सेंगच्या कानशिलावर बसली, दुसरी खांद्यावर, तिसरी तोंडावर. सुपारीनं लाल झालेले दोन दात अंगणात पडले. तो कालवांच्या शिंपल्यांच्या ढिगावर उताणा. ती त्याच्या छातीवर गुडघा टेकून.

"दादा, माझा एकच माणूस होता, कळलं? एकच!"

"सोड गं! मरेन मी!"

"मरा! तुमच्यासाठीही वाजवीन!"

आम्ही बँडमधल्या तिघांनी तिला ओढून काढली. एकाच्या हाताला चावली. मग पुन्हा बादलीशी बसली, राख धुवायला. खरवडलेलं पितळ काही परत येत नाही. सहावं पाणी झालं तेव्हा पावणेतीन वाजले होते. ओली स्लाइड तशीच जोडून ती निघाली.

शवपेटीमागे तिनं वाजवलं. स्लाइडला सुरांच्या सात जागा; लांब गेली की पाचव्या जागेजवळ अडकायची, ती रेटायची, सूर किंचाळायचा. ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं. रडली नाही. की-सेंग सुजल्या तोंडानं ड्रम वाजवत होता. मधेच बोबडं बोलला, "खड्ड्यात गेली राख. वाजव!"

वर्षभरानं खटला उभा राहिला. पुलावर अडकलेल्या एका गाडीच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं, ते कोर्टात दाखवलं. खिमचा वार टकल्याला शिवलाही नव्हता. तो आधीच घसरून पडला होता. आणि तो हिसका? तिनं ट्रॉम्बोन मागे नेला तेव्हा, सुरा बसलेल्या आ-थोंगनं रक्ताळलेल्या दोन्ही हातांनी स्लाइड धरली होती, तिला मागे ओढायला.