भंडारीचाचांचं नाक

हॉटेलच्या दारात उभं राहून आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘जेवलास?’ असं विचारणारा मालक मी आयुष्यात एकच पाहिला. गिऱ्हाईक गोंधळायचं. जेवलो असतो तर इथे कशाला आलो असतो, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. भंडारीचाचा मात्र खरोखर उत्तरासाठी थांबायचे. फिलिपिनो माणूस ‘कसा आहेस’च्या आधी ‘जेवलास का’ विचारतो, आणि चाचांनी बावीस वर्षं मालवाहू बोटींवर फिलिपिनो खलाशांना जेवू घातलं होतं. बोटीवरच्या स्वयंपाक्याला आपले खलाशी ‘भंडारी’ म्हणतात. चाचांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण पनवेलमध्ये ते कुणी वापरलेलं मला आठवत नाही.

पनवेलजवळच्या करंजाड्यात निम्म्या इमारतींना अजून रंग लागायचा होता तेव्हा त्यांनी तिथे फिलिपिनो हॉटेल काढलं. आम्ही सगळे हसलो. मिसळ सोडून इथे हे कोण खाणार? त्यांची मुलगी शबनम हॉटेलचं रीतसर शिकून आली होती. तिने स्वयंपाकघराला काच लावली, वर पिवळे दिवे टांगले, मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाचा फोटो छापला. दोन वर्षांत रविवारची रांग रिक्षा स्टँडपर्यंत जायला लागली. हसणारे आम्ही सगळे त्याच रांगेत उभे असायचो.

चाचांच्या चुलीवर डुकराला जागा नव्हती. बाकी सगळं ते तिकडच्यासारखं करायचे. व्हिनेगर-लसणात मुरवलेली कोंबडी म्हणजे आडोबो, शेंगदाण्याच्या दाट रश्शातलं मटण म्हणजे कारे-कारे, आणि माशाचं आंबट सार म्हणजे सिनिगांग. सारात ते स्वतःच्या परसातली बिंबलं, ती बोटाएवढी आंबट हिरवी फळं, घालायचे. “तिकडं पण हेच झाड हाय मास्तर,” ते मला सांगायचे. “अल्लानं आंबट वाटताना कोकणाला आणि त्यांना एकाच हातानं दिलं.” रविवारी दुपारी लांब टेबलावर केळीची पानं अंथरून, मधोमध भाताचा ढीग घालून, सगळ्यांनी हातानं एकत्र जेवायची तिकडची पद्धत त्यांनी चालू केली. आधी लोक ‘उष्टं उष्टं’ करत लांब बसले. चाचा म्हणाले, “आमच्या घरात एका थाळ्यात सहा जण जेवतो, आजवर कुणी मेला नाय.” मग हळूहळू पाटील, जोशी, सगळे खांद्याला खांदा लावून जेवायला लागले.

मी जवळच्या शाळेत गणित शिकवायचो आणि घरी एकटाच होतो, म्हणून संध्याकाळी तिथेच पडीक असायचो. रमजानमध्ये मला एक कामही असायचं. चाचांचा रोजा असे, त्यामुळे स्वयंपाक चाखता येत नसे. ते पातेल्यावर वाकून वास घ्यायचे आणि काय कमी आहे ते नेमकं सांगायचे. फक्त मिठाची खात्री करायला मला चमचा द्यायचे. “नाक माझं, जीभ तुझी,” म्हणायचे. सहा रमजानांत त्यांच्या नाकाची चूक मला एकदाही सापडली नाही. गणिताच्या मास्तराला चूक सापडू नये, याचा मला थोडा रागही यायचा.

एका उन्हाळ्यात एसटी स्टँडजवळ रिक्षाचा धक्का लागून चाचा स्कूटरवरून पडले. डोक्याला मार बसला, आठ दिवस दवाखान्यात होते. पुढे रमजान आला आणि मला पुन्हा चमचा मिळायला लागला. या वेळी प्रश्न जास्त होते. लसूण लाल झाला का? मासा ताजा लागतो का? मला वाटलं, वय झालं. मग ईद झाली. ईदनंतर चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा चमचा पुढे केला.

“चाचा, आता कुठे रोजा आहे?” मी हसत म्हणालो.

त्यांनी चुलीची आच कमी केली. “वास गेला रे. पडलो तवाच गेला. तोंडात घातलं तर खारट-आंबट तेवढं कळतं, बाकी सगळा चोथा. डॉक्टर बोलतो, नस तुटली, औषध नाय. शबनमला नको सांगू. ती मला चुलीजवळून उठवेल.”

मी शबनमला सांगितलं नाही. रोज शाळा सुटली की जाऊन चाखायला लागलो. सुरुवातीला खरं सांगितलं. पण ‘चाचा, जरा करपट लागतंय’ म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा आणि ते भरलं पातेलं मोरीत ओतायचे. तीनदा ओतताना पाहिलं. चौथ्यांदा मी म्हणालो, “झकास.” चाचा खुलले. त्यानंतर खोटं बोलणं मला फार सोपं गेलं. वर मी स्वतःला दयाळू समजत होतो.

त्याच पावसाळ्यात उरणच्या बंदराला एक बोट लागली आणि चाचांचा जुना फिलिपिनो सोबती डोमिंग जेवायला आला. दोघांनी एका गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, नऊ वर्षं काढली होती. चाचांनी सकाळपासून कारे-कारे मांडलं. दुपारी त्यांनी आनंदानं चमचा माझ्याकडे दिला. रस्सा खाली लागला होता, शेंगदाणा कडू झाला होता. बाहेर डोमिंगची टॅक्सी थांबली होती.

“मस्त जमलंय, चाचा,” मी म्हणालो.

डोमिंगनं पहिला घास घेतला, क्षणभर थांबला आणि मग मान खाली घालून सगळं ताट संपवलं. जाताना त्यानं चाचांना घट्ट मिठी मारली. चाचा दारातून परत आले आणि माझ्यासमोर बसले.

“डोमिंग जेवताना गप बसणारा माणूस नाय. करपलं होतं?”

मी होकारार्थी मान हलवली.

“नाक गेलं ती अल्लाची मर्जी,” ते अगदी हळू म्हणाले. “तुझी जीभ तरी खरी ठेवायची होतीस.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शबनमला सगळं स्वतः सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून काचेच्या आत पाऊल टाकलं नाही. नवा आचारी आला. रांग तशीच राहिली, कुणाला फरकसुद्धा कळला नाही. हे मला अजून सहन होत नाही.

चाचा त्यानंतर दीड वर्ष जगले. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून शबनम वाढेल ते जेवायचे. मी समोर बसायचो, पण चवीचा विषय दोघंही टाळायचो. एकदा सार आलं. त्यांनी दोन घोट घेतले, मग वाटी माझ्याकडे सरकवली. मी चाखलं. मग बोललो, “मासा जास्त शिजलाय, चाचा. बिंबलं नाहीत, चिंच घातलीय. आणि आलं कच्चं राहिलंय.”

चाचांनी वाटी परत ओढून घेतली.

“आता सांगतोस,” म्हणाले, आणि जेवत राहिले.