नवनाथ फोटोवाल्यांचा ड्रोन

आमच्या पप्पांना शिरूरमध्ये नवनाथ या नावानं फारसं कुणी ओळखत नाही. ते ‘फोटोवाले’. एसटी डेपोजवळच्या गाळ्यात त्यांचा स्टुडिओ आहे आणि घोडनदीच्या अल्याडपल्याड अशी वाडी नसेल, जिथल्या एखाद्या कपाटात त्यांनी काढलेली लग्नाची कॅसेट धूळ खात पडलेली नाही. मी लहान असताना लग्नसराईत पप्पा घरी दिसायचे ते फक्त झोपलेले. आई आणि मी त्यांना डबा द्यायला मंडपात जायचो. जिकडंतिकडं वायरी, मोठाले फोकस, आणि मधोमध घामानं भिजलेले पप्पा, खांद्यावर कॅमेरा. त्या फोकसच्या तापलेल्या पत्र्याचा वास मला फार आवडायचा. अजून कुठं तसा वास आला तर मी उगाच थांबते.

पाठवणीच्या वेळी तर त्यांच्या अंगातच यायचं. नवरीचा बाप पोरीला कवटाळून हुंदके देतोय आणि हे मधेच म्हणणार, “मामा, जरा दम धरा. मधी कुणाचं तरी डोकं आलं व्हतं. परत एकदा घ्या तिला जवळ.” बिचारा बाप परत जवळ घ्यायचा, परत रडायचा. दोन तालुक्यांतले बाप पप्पांनी असे दोनदोनदा रडवलेत. माझी हसून मुरकुंडी वळायची.

पुढं ड्रोन आला. त्यावर धुळीचा कण बसलेला पप्पांना खपायचा नाही. उडवायच्या आधी अंगणात चटई अंथरायची, तीही झटकून. त्याच्या रिमोटवर एक बटण असतं. ते दाबलं की ड्रोन जिथून उडाला तिथं आपला आपण परत येतो आणि उतरतो. पप्पांचा त्या बटणावर अर्धाच विश्वास. “घरापतुर बरोबर येतंय, पण उतरताना हात-दोन हात इकडंतिकडं व्हतंय. आन् आपल्या दारात शेवगा हाय,” असं म्हणून शेवटी ते स्वतःच त्याला जपून खाली घ्यायचे. ड्रोन परत येताना जे काही शूट व्हायचं, रस्ते, पत्रे, उकिरडे, ते सगळं एडिटिंगला बसले की कापून टाकायचे. “नवरीची गाडी दिसंनाशी झाली की पिच्चर संपला,” हा त्यांचा नियम.

माझं लग्न ठरलं ते दौंडच्या विनोदशी. तो रेल्वेत आहे. आईनं पप्पांना आधीच बजावलं, “त्या दिवशी तुम्ही फोटोवाले न्हाई, पोरीचं बाप हाय.”

पप्पा “व्हय, व्हय” म्हणाले आणि दुपारपर्यंत त्यांनी शब्द पाळलाही. पांढराशुभ्र शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले, सगळ्यांबरोबर त्रिशरण-पंचशील म्हणाले, आम्हा दोघांवर फुलं टाकली. मग निघायची वेळ झाली. मी आईच्या गळ्यात पडले, आत्याच्या गळ्यात पडले आणि पप्पांना शोधायला लागले. तर हे अंगणाच्या कोपऱ्यात, मान खाली, हातात रिमोट. ड्रोन वर घोंघावत होता.

“पप्पा,” मी हाक मारली.

“बस बाळा गाडीत, उजेड जातोय.” एवढंच. मान वर केली नाही.

माझं डोकं सणकलं. साऱ्या जगाच्या बापांना ‘परत जवळ घ्या’ म्हणणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरीला एकदाही जवळ घेता येऊ नये? न्हावऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो ड्रोन गाडीच्या मागं होता. मी काच वर केली आणि खूप रडले. त्यात निम्मा तरी राग होता.

लग्नाचा पेनड्राइव्ह आला तो मी कपाटात साड्यांखाली ढकलून दिला. पप्पांशी फोनवर बोलायचे, पण जेवलात का, औषध घेतलं का, एवढंच.

लग्नाच्या वाढदिवशी सासूबाईंनी हट्ट धरला, म्हणून विनोदनं तो टीव्हीला लावला. गाणी, हार, पाव्हणे, सगळं झालं. शेवटी आमची गाडी. लहान लहान होत उसाच्या आड गेली. मी चहा टाकायला उठले, पण चित्र चालूच राहिलं.

ड्रोन वळला होता. खाली उसाचे फड, पाण्याच्या टाक्या, आमची गल्ली, मग रिकामा मंडप. आवाज काहीच नव्हता. आमचं अंगण जवळ येत गेलं, ड्रोन हळूहळू खाली यायला लागला, आणि त्याला सावरायला कुणीच नव्हतं. शेवग्याची फांदी आडवी आली, चित्र गरकन फिरलं आणि आडवं होऊन जमिनीवर थांबलं.

समोर पायरीवर पप्पा बसले होते. रिमोट बाजूला पडलेला. दोन्ही हातांनी डोकं धरून ते लहान पोरासारखे गदगदून रडत होते आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मोडका ड्रोन त्यांच्या पायापाशीच पडला असणार. पप्पांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सासूबाई उठल्या आणि त्यांनीच चहा टाकला. मी पप्पांना फोन लावला.

“व्हिडिओ बघितला आज.”

“आत्ता? बरं. रंग चांगला आलाय का?”

“शेवट कापला नाही तुम्ही.”

“मला तुझी गाडी वळती तिथपतुरच बघवायचं. लई डाव बसलो, पर त्याच्या म्होरं गेलोच न्हाई. तसंच ऱ्हायलं आसंल. का गं, काय हाय त्यात?”

मी टीव्ही बंद केला.

“काही नाही,” मी कसंबसं म्हणाले. “पप्पा, मी उद्या सकाळच्या एसटीनं येते. तुम्ही दारात थांबा. हातात काही धरू नका.”