अप्पांनी परत केलेला मान

काम संपेपर्यंत मोठे अप्पा कुणाचा चहा पीत नसत. कळंबच्या आडत बाजारात ते मापाडी होते. शेतकऱ्याची पोती काट्यावर चढायची आणि अप्पा वजन वाचायचे. एका बाजूला विकणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा, दोघांचेही डोळे अप्पांच्या तोंडाकडे. मधेच कुणीतरी कप पुढे करायचं. अप्पा हात जोडायचे आणि म्हणायचे, "काटा रिकामा होऊ द्या आदी."

ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गेल्या महिन्यात गेले. भेटायला आलेल्या माणसांनी त्यांच्या सचोटीच्या गोष्टी सांगितल्या आणि मी त्या ऐकत बसले. सगळ्या खऱ्याच होत्या. पण मला अप्पा कळले ते त्यांच्या एका चुकीमुळे, आणि ती चूक तिथं कुणाला सांगता आली नाही.

आमच्या गल्लीत कुणाच्या मुलीसाठी स्थळ पाहायला जायचं असलं की अप्पांना सोबत नेत. ते बैठकीत फार वेळ टेकत नसत. पाय धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात जात, मोरी पाहत, गोठ्यात डोकावत, सुनेचा आवाज कसा येतो ते ऐकत. "बैठक काय, समदेच झाडत्यात," असं म्हणत. मनाची खात्री होईपर्यंत त्या घरचं पाणीही घेत नसत. शाल-नारळ घेतला म्हणजे शब्द दिला, आणि दिलेला शब्द मोडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. पुढे मुली शिकायला बाहेरगावी जाऊ लागल्या, तेव्हा लोक अप्पांना कॉलेजं पाहायलाही नेऊ लागले. त्यात अप्पांना काही वेगळं वाटलं नाही. "चार वर्सं ऱ्हायचंय पोरीला. नांदायचंच झालं की ते."

माझी बारावी झाली तेव्हा मला नर्सिंगला जायचं होतं. लातूरच्या एका जुन्या कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत माझं नाव होतं, पण वर बऱ्याच मुली होत्या. दरम्यान नळदुर्गच्या पुढे, हमरस्त्याला लागून निघालेल्या एका नव्या कॉलेजातून रोज फोन येत होते. एकदा येऊन बघून तर जा, म्हणत. फोन करणाऱ्यानं गप्पांच्या ओघात वडिलांकडून काढून घेतलं की घरात थोरलं कोण आहे आणि शब्द कुणाचा चालतो. वडील शाळेत लिपिक, सरळ माणूस. त्यांनी सांगून टाकलं.

आम्ही चौघं गेलो. आई, वडील, अप्पा आणि मी. दाराशीच फलक होता आणि त्यावर खडूनं सुरेख अक्षरात अप्पांचं पूर्ण नाव, पुढे सहर्ष स्वागत. अप्पा त्या फलकापाशी थांबले. वाचून झाल्यावरही थोडा वेळ थांबले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोत्यांचे आकडे वाचणाऱ्या माणसानं स्वतःचं नाव एवढं मोठं लिहिलेलं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मग कॉलेज दाखवणं झालं. वडिलांना चकचकीत फरशी आणि कोपऱ्याकोपऱ्यातले कॅमेरे आवडले. आईनं वसतिगृहाच्या खोलीच्या कड्या लावून पाहिल्या, खिडकीला जाळी आहे ना ते पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. मी ग्रंथालयात गेले. काचेच्या कपाटांत जाड जाड पुस्तकं होती, पण एकही पुस्तक जागचं हललेलं दिसत नव्हतं, आणि बसायला खुर्ची नव्हती. मी कुणाला काही बोलले नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं. अप्पा सवयीप्रमाणे मागे राहिले होते. कॉलेजला जोडलेल्या दवाखान्याच्या वॉर्डात ते एकटेच फिरून आले. आले तेव्हा गप्प होते.

पण त्यांनी तोंड उघडायच्या आत आम्हाला सभागृहात नेलं. संस्थेचे सचिव स्वतः उठून आले. अप्पांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, वाकून नमस्कार केला. पाच-पन्नास मुलींनी टाळ्या वाजवल्या. नंतर जेवण झालं. अप्पा जेवले. हात पुसत सचिव म्हणाले, की मुलीची मूळ कागदपत्रं ठेवून जा, म्हणजे जागा धरून ठेवतो. वडिलांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "दे म्हादू." माझं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला तिथंच राहिला.

पुढचे आठ दिवस अप्पा आमच्याकडे फिरकले नाहीत. आमची घरं एका भिंतीची. त्यांचा खोकला ऐकू यायचा, पण ते दिसायचे नाहीत. सोमवारी लातूरहून फोन आला. माझा नंबर लागला होता. बुधवारी पाच वाजेपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर व्हायचं होतं. वडील म्हणाले, आता लातूरचा विषय नको, शब्द गेलाय, शिवाय तिथली इमारत पडायला आलीय म्हणतात.

मंगळवारी सकाळी अप्पा आले. ओट्यावरच बसले. वडिलांशी नाही, माझ्याशी बोलले.

"माय, तिथल्या दवाखान्यात हात धुवायचं बेसिन हाय. त्यावर साबन हुता. साबनावरची अक्षरं जशीच्या तशी. बेसिन कोरडं ठक्क. चाळीस खाटा, पर हात कुनीच धूत न्हाय. म्या ते बगितलं हुतं."

वडिलांनी विचारलं, "मग त्या दिवशी का बोलला नाहीत?"

"शाल घेतली हुती," अप्पा म्हणाले. मग मला विचारलं, "तू काय बगितलं हुतंस? तुला आमी कुनी इचारलंच न्हाय."

मी ग्रंथालयाचं सांगितलं. अप्पांनी मान खाली घातली. वडील मात्र चिडले. ते कधी अप्पांसमोर आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, की एका साबणापायी हातातली जागा घालवायची का, आणि दिलेला शब्द मोडायचा तर तुमचा तुम्ही मोडा, मी येणार नाही.

तेव्हा अप्पा आणि मी निघालो. शाल घडी करून पिशवीत घेतली. नारळ मात्र काकूंनी केव्हाच चटणीत घातला होता, म्हणून तुळजापूरच्या स्टँडबाहेर अप्पांनी नवा घेतला. दुकानदारानं विचारलं, देवीला का? "न्हाय, सायबाला," अप्पा म्हणाले. तेवढंच काय ते मी त्या दोन दिवसांत हसले.

सचिव नव्हते. कार्यालयातला माणूस म्हणाला, कागदं साहेबांच्या कपाटात आहेत, चावी साहेबांकडे. आम्ही संध्याकाळपर्यंत बाकावर बसलो. शिपायानं दोनदा पाणी आणलं, दोनदा अप्पांनी हात जोडले. मला मात्र म्हणाले, "तू पी. तुझ्यावर कायबी बंधन न्हाय." शेवटच्या गाडीनं आम्ही घरी आलो आणि बुधवारी पहिल्या गाडीनं पुन्हा गेलो.

त्या दिवशी सचिव आले, पण दुपारी दोन वाजता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते आणि मनात तिथून लातूरचं अंतर मोजत होते. सचिवांबरोबर आणखी एक कुटुंब होतं, कॉलेज पाहायला आलेलं. मुलगी माझ्याच वयाची, बरोबर फेटा बांधलेले आजोबा. फलकावर आता त्यांचं नाव होतं. अप्पांनी उठून शाल आणि नारळ सचिवांपुढे धरला.

सचिव हसून म्हणाले, "अप्पा, मान कुणी परत करतं का?"

"मानापायी तोंड बंद ऱ्हायलं माजं," अप्पा म्हणाले. "आता बोलायचंय. म्हनून तुमचं तुमाला आदी."

"आमच्यात काय कमी दिसलं तुम्हाला? आत या, बसून बोलू."

"हितंच बोलतो की. तुमच्या वॉर्डातला साबन..."

अप्पांचा आवाज चढलेला नव्हता. बाजारात वजन सांगायचे त्याच आवाजात ते सांगत होते. बेसिन, साबण, चाळीस खाटा. फेटेवाले आजोबा ऐकू लागले. त्यांच्या नातीनं माझ्याकडे पाहिलं. सचिवांनी अप्पांचा दंड धरला, मग सोडला आणि शिपायाला चावी देऊन म्हणाले, की यांची कागदं काढून दे. तरीही सही, नोंद, अर्ज लिहून द्या, असं करत तीन वाजून गेले.

हमरस्त्यावर लातूरकडे जाणारी गाडी लवकर मिळेना. एका टेम्पोवाल्यानं तुळजापूरपर्यंत सोडलं. तिथून एसटी. अप्पा गाडीत सबंध वेळ उभे होते, जागा असूनही. औसा मागे पडलं तेव्हा पाच वाजून गेले होते. मी त्यांना वेळ सांगितली नाही आणि त्यांनी विचारली नाही. कॉलेजच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा कार्यालयाला कुलूप होतं. यादीतल्या पुढच्या मुलीला जागा देऊन झाली होती. पहारेकऱ्यानं अप्पांना खुर्ची दिली. ते बसले आणि म्हणाले, "वरीस घालवलं म्या तुजं."

तेव्हा मला राग होता. तो बेसिनचा नव्हता, कागदपत्रांचाही नव्हता; त्या आठ दिवसांचा होता.

वर्ष खरंच गेलं. वडील अप्पांशी बोलेनासे झाले. सणाला दोन्ही घरांतून ताटं इकडून तिकडे जायची, पण एक भाऊ घरात असला की दुसरा त्याच्या ओट्यावर चढत नसे. अप्पा रोज दुपारी, वडील शाळेत असताना, येऊन बसायचे आणि मला म्हणायचे, "वाच मोठ्यानं." मी जीवशास्त्राचं पुस्तक वाचायची. हृदयाचे कप्पे, रक्ताचा प्रवास. त्यांना किती कळायचं कोण जाणे. मधेच विचारायचे, "म्हंजे येकच रगत फिरून फिरून येतं व्हय?" आणि पुढे वाच म्हणायचे. माझा राग केव्हा गेला ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्या वाचण्यातच गेला असेल.

आणि हेही लिहून ठेवायला हवं. हमरस्त्यावरच्या त्या कॉलेजात शिकलेली आमच्याच गल्लीतली एक मुलगी आज पुण्यात मोठ्या रुग्णालयात आहे आणि काम उत्तम करते. एका साबणावरून अख्खं कॉलेज जोखता येतं का, मला माहीत नाही. अप्पांनाही मी हे एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "आसंल. त्या पोरीचं नशीब न्हाय, त्या पोरीची मेहनत आसंल. पर म्या बगून गप बसलो, ते काय बरुबर हुनार न्हाय."

पुढच्या वर्षी यादीत माझं नाव वर होतं. वडील स्वतः गेले नाहीत, पण त्यांनी आईला अप्पांकडे पाठवलं, लातूरला पाहायला चला म्हणून. अप्पा नको म्हणाले. "रेखाला येकटीला लावून द्या. ऱ्हायचंय तिला, नजर आमची कशाला?" आई घाबरली. सकाळी वडिलांनीच मला एसटीत बसवून दिलं.

संध्याकाळी मी परत आले तेव्हा आधी अप्पांकडे गेले. मी सांगत गेले. भिंतींचा गिलावा पडलाय. वसतिगृहात दुपारी पाणी नव्हतं, मुली बादल्या घेऊन उभ्या होत्या. जेवण बरं नाही, असं तिघींनी सांगितलं. ग्रंथालयात बसायला जागा मिळेना, एक मुलगी जमिनीवर बसून वाचत होती. वॉर्डात एका सिस्टरनं विद्यार्थिनीला पट्टी तीनदा सोडायला लावली, तिला रडू आलं, आणि चौथ्यांदा तिनं ती नीट बांधली. मी तिथं कितीतरी वेळ उभी राहिले, मला कुणी हटकलंही नाही.

मला वाटलं, अप्पा आता मत देतील. चांगलं म्हणतील किंवा वाईट. त्यांनी फक्त विचारलं, "फारम कवा भरायचा?"

"उद्या."

ते उठले, टोपी घातली आणि वर्षभरानं पहिल्यांदाच वडिलांच्या देखत आमच्या ओट्यावर चढले. वडील वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली केलं नाही.

"म्हादू," अप्पा म्हणाले, "पोरगी ठरवून आलीया. तू फकस्त सही कर."

वडिलांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि खिशात पेन आहे का ते चाचपू लागले.