झोपाळ्यातली भाग्यलक्ष्मी

वीजखात्यातून रिटायर झाल्यावर एकनाथरावांनी पहिलं काम केलं ते पेटी आणायचं. आबिड्सच्या दुकानातून ऑटोत मांडीवर घेऊन आले, जशी काही नवी नवरीच. पहाटे मंडळातल्या म्हाताऱ्यांबरोबर बागेत चकरा, मग गच्चीवर फुटक्या बादल्यांतल्या वांग्या-टमाट्यांना पाणी, आणि मग पेटी. सा सापडला की रे पळायचा. खालच्या मजल्यावरची तेलुगू शेजारीण सत्यवती जिन्यातून मान वर करून विचारायची, भाईसाब बजा रहे क्या डरा रहे. त्यांची बायको जयवंताबाई वरून सांगायच्या, दोन्ही करायलेत.

त्यांचंही काही वाईट चाललं नव्हतं. सत्यवतीच्या हाताखाली त्या आवकाय, तिखटजाळ कैरीचं लोणचं, घालायला शिकल्या, तिला कुरडया शिकवल्या. पाडव्याला गुढीचं ताट खाली गेलं, खालून उगादीची पच्चडी वर आली. हिमायतनगरच्या मराठी मंडळात बायकांचं लेझीम बसत होतं. गुडघे कुरकुरत असले तरी त्यांनी नाव दिलं. जन्म नवऱ्याच्या ड्यूटीप्रमाणे उठण्या-झोपण्यात गेला होता. आता कुठं दोघांच्या वाट्याला दोघंच आले होते.

दोघंच म्हणायचं, पण घरात तिसरी होतीच.

मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात, जयवंताबाईंच्या गळ्यात चांदीचा एक टाक असायचा. रुपयापेक्षा थोडा मोठा. त्यावर ठोकलेली बाई, नाकात नथ, दोन्ही हात सरळ खाली सोडलेले. बघणाऱ्याला वाटायचं कुलदेवी असेल. ती एकनाथरावांची पहिली बायको होती. भाग्यलक्ष्मी. लग्नाला धड दोन वर्षं होण्याआधीच काविळीनं गेली.

देगलूरकडच्या त्यांच्या कुणब्याच्या घरांत तशी चाल आहे. मागचीच्या जागी दुसरी आली की मागचीचा टाक करून तिच्या गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी टाकाला टेकवायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाला लावायचा, मग तोंडात. जयवंताला मांडवातच आईनं कानात सांगितलं होतं, हिला कधी उपाशी ठेवू नको, अंगावेगळी करू नको. मागची रुसली का नवऱ्याला ओढून नेती. तेव्हा जयवंता वीस-एकवीस वर्षांची. तिनं ते असं मनात धरलं की बाळंतपणाच्या कळांतसुद्धा पहिला पाण्याचा घोट टाकाला लावला होता. भाग्यलक्ष्मीच्या आईनं तिला लेक मानली. म्हातारी असेतोवर दिवाळीला जयवंता दोन माहेरं करायची, आणि म्हातारी तिचे पाय दाबत दाबत मेलेल्या लेकीच्या गोष्टी सांगायची. एकनाथरावांनी मात्र कधी त्या टाकाकडे डोळा वर करून बघितलं नव्हतं. त्यांनी तिचं नाव काढलेलं जयवंताबाईंना आठवत नव्हतं.

यंदा पाडव्यानंतर टाकाची कडी झिजून तुटली. आबिड्सच्या सोनारानं नवी बसवली आणि न सांगताच टाक उजळून दिला. इतक्या वर्षांच्या घामा-तेलानं काळवंडलेली बाई एकदम लख्ख निघाली. मंगळवारी न्हाऊन नव्या दोऱ्यात ओवू म्हणून जयवंताबाईंनी तो देव्हाऱ्यात तांबड्या कापडावर ठेवला. मधे रविवार आला, आणि रविवारी त्यांच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू.

गौर बसवणं हे काही त्यांच्या घरचं नव्हे. मंडळात आल्यावर शिकलेलं. पण सून सायली पुण्याची, तिच्या माहेरी चालत आलेलं, म्हणून ती कुकटपल्लीहून सकाळीच हजर झाली. आई, तुम्ही स्वयंपाकघर बघा, आरास माझ्याकडे, म्हणाली. साखळ्यांचा छोटा सागवानी झोपाळा मांडला, मोगऱ्याच्या माळा सोडल्या, कलिंगडाची कमळं कापली. दर वर्षी झोपाळ्यात पितळेची अन्नपूर्णा बसायची. सायलीनं देव्हारा उघडला तर समोर चांदीची लखलखीत बाई. सासूबाईंनी यंदा नवी गौर केली असं समजून तिनं तीच उचलली, तांदळावर टेकवून उभी केली, पुढे निरांजन लावलं.

जयवंताबाई कैरीच्या डाळीचं पातेलं घेऊन बाहेर आल्या तेव्हा मंडळातल्या चार-सहा जणी येऊन बसल्याही होत्या. त्यांनी झोपाळ्याकडे बघितलं आणि पातेलं हातातच राहिलं.

भाग्यलक्ष्मीला हळद लागली होती. कुंकू लागलं होतं. एकीमागून एक बाई पुढे होत होती, झोपाळ्याला हलकासा झोका देत होती, हात जोडत होती. गौर किती प्रसन्न आहे, एकजण म्हणाली. माहेराला आल्यासारखी दिसते, दुसरी म्हणाली. आता काय सांगायचं, आणि कुणाला? ही देवी नव्हे, माझी सवत आहे म्हणून? भरल्या घरात बसलेली गौर उठवायची? जयवंताबाईंनी डाळ वाढली, पन्हं दिलं, ओल्या हरभऱ्यांनी सगळ्यांच्या ओट्या भरल्या. शेवटी एका बाईनं हाताला धरून त्यांनाच पुढे केलं, घरची सवाष्ण राहिली की. मग त्यांनीही झोका दिला.

सगळ्या गेल्यावर सायलीनं कौतुकानं विचारलं, "आई, कधी घेतली ही?"

"घेतली न्हाई," जयवंताबाई म्हणाल्या. "हाय पहिल्यापासून."

मग बसून तिला सगळं सांगितलं. पोरीचा चेहरा पडला. ती लगेच उचलायला निघाली तर जयवंताबाईंनी हात धरला. एकदा बसवलेली गौर आखितीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत, हलवत नाहीत, हे सायलीनंच त्यांना पहिल्या वर्षी शिकवलं होतं. बसली आहे ती बसू दे, म्हणाल्या. माहेरपण भोगून जाईल.

संध्याकाळी एकनाथराव भजनाहून आले. चप्पल काढता काढता त्यांची नजर झोपाळ्यावर गेली. एक चप्पल पायात तशीच ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

त्या दिवसापासून पेटी उघडली नाही. ऊन फार आहे, म्हणाले. बागेतल्या चकरा सुटल्या. गच्चीवरचे टमाटे देठासकट माना टाकून पडले. सत्यवतीनं एक-दोनदा जाऊन पाणी घातलं. जेवायला बसले की अर्धी भाकरी मागं सारायचे. जयवंताबाई विचारायच्या, दुखतंय का कुठं. न्हाई म्हणायचे. इकडे जयवंताबाईंचा स्वतःचा हात घटकाघटकाला गळ्याशी जायचा आणि रिकामा परत यायचा. अंगावेगळी केली, असं त्यांच्या मनात येई. मी नाही केली, झाली. पण ज्यांना न्यायचंय ते असला हिशेब कुठं बघतात? पहिला घास आता त्या वाटीत घालून झोपाळ्यापुढे नेऊन ठेवत, आणि वाकताना मनातल्या मनात सांगत, बाई, काय घ्यायचं ते माझं घे.

अशातच मंडळाचा उन्हाळी मेळावा आला. लेझीम झालं, टाळ्या झाल्या. मग रिटायर जोडप्यांचा खेळ. माईक घेतलेल्या बाईनं नवऱ्यांना एकेक करून उभं केलं आणि विचारलं, वहिनींना पहिल्यांदा बघितलं ती आठवण सांगा. कुणी म्हणालं, बघायला गेलो तर पोह्यात मीठच नव्हतं. कुणी म्हणालं, हिच्या बहिणीलाच ही समजलो. हॉल हसत होता. एकनाथराव उभे राहिले.

"बारवेवर," ते म्हणाले. "पायऱ्या चढून वर येत होती. कमरेवर कळशी. हिरवं लुगडं, पदर भिजलेला. मला बघून एका पायरीवर थांबली, कळशीतलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं. तेवढे पाय बघितले."

कुणीतरी शिट्टी मारली. शेजारी बसलेल्या सायलीनं सासूचा हात दाबला, बाबा किती छान बोलतात म्हणून. जयवंताबाई सगळ्यांबरोबर हसल्या. त्यांचं गाव मांजरेच्या काठचं, पाणी नदीचं. बारव त्या गावात नव्हतीच. एकनाथरावांनी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते वडिलांच्या ओसरीवर, पाटावर बसलेली, आणि तेव्हा ते सगळा वेळ स्वतःच्या टोपीशी चाळा करत होते. खाली बसताना एकनाथरावांनी बायकोकडे बघितलं, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज जयवंताबाईंनी त्याआधीही ऐकला होता. दुपारी आतल्या खोलीत पडलं की बाहेरून यायचा, बारीक, कुर्र कुर्र. कूलरचा वारा लागत असेल, म्हणून त्या कूस बदलायच्या. मेळाव्यानंतरच्या एका दुपारी वीज गेली. कूलर थांबला, पंखा थांबला. रस्त्यावरच्या कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. आणि तरीही बाहेर कुर्र कुर्र चाललेलंच.

जयवंताबाईंनी शेजारी हात नेला तर एकनाथराव जागेवर नव्हते. आली, एवढंच त्यांना वाटलं. त्या उठून दारापर्यंत गेल्या.

एकनाथराव बुटक्या स्टुलावर बसले होते. एका बोटानं झोपाळा हलवत होते आणि टाकाकडे टक लावून बघत होते.

"कवापासून करायलाव हे?"

"बसवलीस त्या दिवसापासून," मान न वळवता ते म्हणाले.

जयवंताबाई तिथंच उंबऱ्याला टेकून खाली बसल्या. जीव जरा ठिकाणावर आल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मला वाटायलं, ती तुमाला न्यायला आली."

"न्यायला आली तर मी वळखणार कसा तिला?" एकनाथराव म्हणाले. "तोंड आठवंना, जयवंता. कळशी आठवती. पाय आठवतात, बांगड्या आठवतात. वर बघायला गेलं का हेच येतं, हे सोनारानं ठोकलेलं. रोज बघतो, याच्यामागून तिचं निघतं का. निघंना."

वीज आली तसा कूलर घरघरायला लागला. त्या आवाजाच्या आधारानंच असेल, एकनाथरावांनी विचारलं, आखिती झाली की पुन्हा गळ्यात घालशील ना. उघडं पडलेलं भांडं कुणीतरी लवकर झाकावं, तशा सुरात. आणि जयवंताबाईंना पहिल्यांदा दिसलं की इतकी वर्षं त्या ज्याला आपलं राखण समजत होत्या ते काय होतं. यांनी आपली मेलेली बायको दुसरीच्या गळ्यात अडकवली होती आणि डबा घेऊन हलक्या पायांनी ड्यूटीवर गेले होते. तिचं खाणं-पिणं, तिची मर्जी, तिचं भय, सगळं आपण वागवलं. आता त्यांच्याजवळ तिचं तोंडदेखील शिल्लक नव्हतं.

आखितीला त्यांनी पुरण घातलं, रस काढला, पितरांसाठी पाण्याचा नवा माठ भरला. सायली संध्याकाळी येणार होती. गौरीला हळदकुंकू वाहिलं, दहीभाताची शिदोरी दाखवली. मग टाक उचलून पदरानं पुसला आणि नव्या काळ्या दोऱ्यात ओवला. एकनाथराव पाटावर बसून बघत होते. बायको आता दोरा गळ्यात बांधेल, मग पानं वाढेल, अशा बेतानं त्यांनी ताट पुढे ओढून घेतलं होतं.

जयवंताबाई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "मान खाली घाला."

एकनाथराव चमकले. "गड्यानं घालायची रीत न्हाई ही."

"रीत मी केली इतकी वर्षं. मला तिनं कवा छळलं न्हाई, माझं काई म्हणणं न्हाई तिच्यावर." त्यांनी गाठ दोनदा मारली. "पण मी तिला बघितलंच न्हाई कदी. तुमी बघितलंय. तुमच्यापाशी राहू द्या. दाखवायचं झालं तर तुमालाच दाखवील तोंड."

एकनाथरावांनी विरोध केला नाही. टाक सदऱ्याच्या आत गेला, तसे त्यांचे खांदे आत ओढले गेले. चांदी गार लागली असावी. पान वाढून झालं. पोळी मोडून त्यांनी घास हातात घेतला आणि तसाच धरून विचारलं,

"काय आवडायचं तिला?"

विचारायची लाज त्यांच्या तोंडावर होती. जयवंताबाईंनी म्हातारीचं सगळं ऐकलं होतं; काही शोधावं लागलं नाही.

"रस नको म्हणायची. आई आंबे पिळायला बसली का कोयी घेऊन पळायची. दारात बसून कोपरापर्यंत वघळ येस्तोवर चोखायची."

एकनाथरावांनी घास ताटात ठेवला. रसाच्या पातेल्याशेजारी पिळलेल्या कोयींचा ढीग होता, त्यातली एक त्यांनी उचलली, सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि कोय छातीवरच्या टाकाला टेकवली. तिथंच धरून राहिले. डोळे मिटलेले. पिवळा रस मनगटावरून निघून नव्या पांढऱ्या सदऱ्यात उतरायला लागला. आंब्याचा डाग जात नाही. फडकं जयवंताबाईंच्या हाताशीच होतं; त्यांनी ते दिलं नाही, आणि स्वतःच्या ताटालाही हात लावला नाही. त्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, त्यांना काही दिसतंय का म्हणून.