एकाच मालाची चटई

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात एका दुकानदारापुढे चटया उलगडून बसलो होतो. फोन ठेवला, राहिलेले रंग दाखवले, चहाही प्यायलो. जळगावच्या गाडीत बसल्यावर कळलं, नमुन्यांची पिशवी तिथेच राहिली. रडू मात्र आलं नाही… महिना झाला, अजून आलेलं नाही.

नाना म्हणजे माझे थोरले काका. प्लास्टिकच्या चटया विणायचा त्यांचा छोटा कारखाना; मी त्यांचा पुतण्या, विक्रेता आणि त्यांच्या मते नुसता बडबड्या. जुन्या चटया दळून त्यांचा पुन्हा माल करायचा, तर आधी बायका ब्लेड घेऊन कापडी किनारी नि सुती शिवण काढत बसायच्या. एकदा एकीचा अंगठा चिरला. त्या दिवसापासून नानांनी धोशा लावला, "किनार, दोरा, बठ्ठं एकच मालनं पाहिजे. चटई जुनी झाली का अख्खी मशीनमा!" मी म्हणालो, "नाना, गिऱ्हाईक चटई झोपायला घेतं, दळायला नाही." "तुले फक्त झोपच सुचस," ते म्हणाले.

किनार जमली. प्लास्टिकचा दोरा मात्र शिलाई मशीनवर सारखा तुटायचा. पहिल्याच गठ्ठ्याला उशीर होऊ लागला तेव्हा मी गुपचूप सुती दोरा लावायला सांगितला आणि नानांना छातीठोकपणे म्हणालो, "बठ्ठं एकच मालनं शे." त्यांनी त्यातली एक चटई स्वतःला ठेवून घेतली. पुढे चांगला दोरा मिळाला आणि तो गठ्ठा मी सोयीस्करपणे विसरलो.

तेराव्यानंतर काकूंनी ती चटई माझ्या हातात दिली. "ही दळायलाच द्यायची, म्हणायचे." कारखान्यात कोपरा धरून, कुणी बघायच्या आत सुती दोरा काढायला मी ब्लेड घेतलं… सुती दोरा नव्हताच. चारही कडांना प्लास्टिकचा दोरा, नानांनी हाताने घातलेले वेडेवाकडे टाके. सुई ओवायला त्यांना काकू लागायच्या. म्हणजे काकूंनाही ठाऊक होतं.

मशीनवरच्या सलीमभाईंनी विचारलं, "भाऊ, किनार कापनी शे का?"

"नाही. अख्खी टाका."

गेली. कुठेही अडकली नाही. खाली पडलेल्या कोमट चुऱ्यातला मूठभर मी खिशात घातला. आता तो घरी टेबलावर वाटीत आहे. नव्या चटईतला माल अडकवून ठेवला म्हणून नानांनी झापलंच असतं. रोज कारखान्यात जाताना वाटी उचलतो… आणि परत ठेवतो.